हार्लबीचे मास्तर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हार्लबी नावाचं गाव आहे. समुद्राला लागून तिथे एक दगडी सडक जाते. तिच्या एका टोकाला घड्याळाचा मनोरा आहे आणि दुसऱ्या टोकाला कोळ्यांची जाळी ठेवायच्या काळ्या लाकडी खोल्या आहेत. मधोमध लोखंडी खांबांवर एक लांबच लांब धक्का पाण्यात गेलेला आहे. त्याच्यावर माल चढत नाही की उतरत नाही. लोक नुसते टोकापर्यंत चालत जातात, पाणी बघतात आणि परत येतात. हे सगळं मी सांगतोय खरा, पण मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. माझं किराण्याचं दुकान आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठच्या एका लहान गावात. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र यायला दिवसच्या दिवस लागतील. हार्लबी मला पाठ आहे ते दिगंबर मास्तरांमुळे. आणि मलाच का, आमच्या वेळच्या गावातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, घड्याळाचा मनोरा कोणी बांधला ते तो सांगेल.

मास्तरांनीही हार्लबी पाहिलं नव्हतं. समुद्रही नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमची नदी, तीसुद्धा पुरात.

माणूस उंच, खांद्यात किंचित वाकलेला. अंगात बंद गळ्याचा काळा कोट, तो उन्हाळ्यातही. कोणी काही विचारलं की आधी चष्मा काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा, डोळ्यांवर चढवायचा आणि मग बोलायचं. माझ्या दुकानात एखादी बाई मीठ मागायला आली आणि सहज म्हणाली की मास्तर, पोराच्या गळ्याला गाठ आली, तर चष्मा पुसून झाल्यावर मास्तर सांगणार, "हार्लबीत एक डॉक्टर होता. त्यानं लिवून ठेवलं का समुद्राचं पाणी दुधात घालून पेलं का गाठी बसतात. मोठमोठे लोक तिथं पाणी प्याले येत." बाई विचारणार, "मंग बसल्या का?" मास्तर प्रामाणिक माणूस. ते म्हणत, "ते पुस्तकात नाई."

हे पुस्तक त्यांच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. तरुणपणी मास्तर मंचेरियलकडे कोळशाच्या खाणीवर कारकून होते. तिथे एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर होता. बायको केव्हाच वारलेली, मुलंबाळं नाहीत, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तो मूळचा हार्लबीचा. त्याच्याकडे हार्लबीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं, आतमध्ये चित्रं, नकाशे, जुन्या इमारतींची वर्णनं. डोळे गेल्यावर तो ते दिगंबर कारकुनाकडून रोज संध्याकाळी वाचून घ्यायचा. उच्चार चुकला की काठी जमिनीवर आपटायचा. असे सहा-सात हिवाळे गेले. मास्तरांचं इंग्रजी एवढ्या एका पुस्तकावर झालं. त्यामुळे त्यांना वाळू, वादळ, शिंपला, छत्री यांचे इंग्रजी शब्द येत आणि कापूस, ज्वारी, बैल यांचे येत नसत.

साहेब पुढच्या उन्हाळ्यात गावी जाऊ, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जाऊ असं म्हणत राहिला आणि तिथेच मेला. रेल्वेच्या रुळांपलीकडे त्याला पुरलं. मास्तर पुस्तक घेऊन गावी आले आणि निजामाच्या शाळेत दुय्यम मुदर्रिस, म्हणजे हाताखालचे शिक्षक, झाले. त्या वेळी वरच्या वर्गांत सगळं उर्दूत चाले. मास्तर उर्दूही झकास शिकवत. पण शेवटच्या तासाला पाट्या बाजूला ठेवायला लावून ते हार्लबीचा इतिहास सांगत, आणि तो मात्र मराठीत. आधी कोळ्यांची वीस-पंचवीस घरं, मग तो डॉक्टर, मग राजघराण्यातली कोणी आजारी बाई, मग सडक, मग आगगाडी, मग धक्का. तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा विचारलं की हा विषय कुठला, तर मास्तरांनी अदबीने सांगितलं, "तारीख-ए-इंग्लिस्तान, जनाब," म्हणजे इंग्लंडचा इतिहास. साहेबाने मान डोलावली.

मास्तरांना नाद होता तो नुसता सांगण्याचा नव्हता. त्या पुस्तकातलं होईल तेवढं त्यांना गावात आणायचं होतं. रोज संध्याकाळी ते नदीपर्यंत चालत जात आणि हात हलवत परत येत. आमच्या गावात बिनकामाचं कोणी चालत नाही. नदीवर जायचं तर पाणी, गुरं, धुणं, निदान परसाकडे. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं की मास्तरांचं कोणाशी तरी पलीकडच्या गावात गुपचूप काही चाललं आहे. मी विचारलंच, "काऊन जी मास्तर, रोज कुठं जाता?" तर म्हणाले, "कुठं नाई. जातो अन् येतो. हार्लबीत समदे असेच जातात."

एका संक्रांतीची गोष्ट अजून बायका काढतात. संक्रांतीला नदीवर आंघोळीला ही गर्दी. पुरुषांचं काय, ते कुठेही उतरतात. बायकांना आडोसा नाही, ओल्या लुगड्याने कुडकुडत घर गाठायचं. पुस्तकात होतं की हार्लबीत पूर्वी चाकांवरच्या लाकडी खोल्या असत. बाई खोलीत बसली की घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई, आणि बाई आतल्या आत पायऱ्यांवरून समुद्रात उतरे. कोणाला दिसत नसे. मास्तरांनी पाटलांची बैलगाडी मागितली, चारही बाजूंनी तट्टे बांधले, मागे शिडी लावली आणि बायकांना म्हणाले, बसा. आधी कोणी बसेना. शेवटी मास्तरांच्या बायकोनेच, आमच्या राधावहिनींनी, पदर खोचला आणि त्या चढल्या. गाडी पाण्यात गेली. वहिनी उतरल्या, न्हाल्या, कोरडं नेसून बाहेर आल्या. मग काय विचारता, बायकांची रांग लागली. दुपारपर्यंत बैलांना मात्र गार पाण्याची गोडी लागली होती. ते गाडीसकट नदीत बसले. आत पाटलीणबाई. चार गडी लागले बाहेर काढायला. पाटलीणबाई आतून ओरडल्या नाहीत की काही नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या जरा वेळ. बरं वाटून राह्यलं." पुढे दरवर्षी संक्रांतीला ती गाडी निघायची.

आणखी एक वेड म्हणजे पाट्यांचं. हार्लबीत म्हणे जुन्या घरांवर दगडी पाट्या लावल्या आहेत, इथे अमका राहून गेला, इथे तमक्याने अमुक केलं. मास्तरांनी गेरू कालवला आणि गावातल्या भिंतींवर लिहीत सुटले. माझ्या दुकानावर लिहिलं, 'येथे पूर्वी चिंचेचे झाड होते. त्याखाली बाजार भरे.' न्हाव्याच्या घरावर लिहिलं की या घरातल्या आजीला नव्वद ओव्या येतात. पावसाळ्यात सगळं धुऊन जाई. बायका वरून शेणाचा हात फिरवीत. मास्तर दिवाळीनंतर पुन्हा गेरू कालवत. मी चेष्टा केली की मास्तर, एवढं लिहून कोण वाचते? तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"लक्ष्मण," ते म्हणाले, "हार्लबीत काय होतं, सांग. मासे वाळू घालत. वास मारे. तसे किनाऱ्यावर शंभर गावं होते. एकानं बसून लिवलं, म्हणून हार्लबी झालं. बाकीचे कुठं हायत? जे लिवलं नाई ते कोणाले दिसत नाई."

माणसाची सगळी भिस्त या एका वाक्यावर होती. मला तेव्हा ते थोडं पोरकट वाटलं. आज वाटत नाही.

पुढे पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या शाळेत मराठी वर्ग सुरू झाला. मास्तर त्या वर्गाचे मुख्य. त्या दिवशी ते माझ्या दुकानात आले, खडूची पेटी घेतली आणि उगाच उभे राहिले. मी म्हटलं, काय पाहिजे अजून? म्हणाले, "काई नाई. आज पयल्या तासाले मराठी शिकवलं. चोरून नाई." डोळे भरून आले होते त्यांचे. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ. पाच-सहा वर्षं असेल.

मग भाषावार प्रांतांचं निघालं. हैदराबादचे तुकडे होणार, मराठी मुलूख इकडे, तेलुगू मुलूख तिकडे. आमचं गाव ऐन शिवेवर. पैनगंगेपलीकडे सगळे मराठीच आणि अलीकडे आम्हीही मराठी, पण जिल्हा आदिलाबाद. रेघ गावाच्या खालून जाणार की वरून, यावर सगळं होतं. लोकांना वाटत होतं, काय फरक पडतो, शेतं थोडीच उठून जाणार आहेत. मास्तरांना पक्कं कळलं होतं. ते दुकानात बसून सांगत, "गाव मराठीकडं गेलं तं वर्ग राहीन. नाई गेलं तं आज नाई उद्या मिटीन. पोरं बोलतीन मराठी, पण लिवतीन नाई. अन् लिवतीन नाई तं..."

तेवढ्यात खबर आली की सरकारचा कोणी मोठा अंमलदार शिवेवरच्या गावांतून फिरणार आहे आणि लोकांचं म्हणणं लिहून नेणार आहे. मास्तरांनी त्याच दिवशी माझ्याकडून कागदाचे दोन दस्ते नेले. गावाचा इतिहास लिहायचा. हार्लबीच्या पुस्तकाबरहुकूम. पहिलं प्रकरण गावाची जागा व पाणी, दुसरं मूळ वस्ती, तिसरं जुन्या इमारती, मग उत्सव, मग बोली, आणि शेवटी गावी कसे यावे. मी हसलो की गावी कसे यावे याचं प्रकरण कशाला, कोण येणार आहे? "साहेब येणार हाय ना," मास्तर म्हणाले.

तीन महिने त्यांनी गाव उपसून काढलं. म्हाताऱ्यांच्या उशाशी बसले. विहीर कोणी खोदली, मारुतीचा पार कोणी बांधला, कोणता दुष्काळ कोणी कसा काढला. न्हाव्याच्या आजीच्या नव्वद ओव्या उतरवून घेतल्या. ती सांगता सांगता दमली की मास्तर स्वतः जातं ओढत, कारण जातं फिरल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. माझ्या आजोबांनी या दुकानाची पहिली गोण कुठून आणली, तेही त्यात होतं. मला माहीत नव्हतं ते. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि मी दुकान चालवतो त्या जागेकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, एवढं खरं. नक्कल काढायला वेळ नव्हता. एकच प्रत झाली, ती त्यांनी लाल फडक्यात बांधली.

इकडे महादू पाटलांची तयारी चालू होती. पाटलांनी साहेबापुढे तीन वाक्यं म्हणायची होती. आमी मराठी बोलतो. आमची पोरं मराठी शिकतात. आमाले मराठीच्या मुलखात राहू द्या. पाटील माझ्या ओट्यावर बसून पाठ करत. खणखणीत म्हणत.

साहेब आला. जीपमधून उतरला, चावडीपुढच्या कडुलिंबाखाली खुर्चीवर बसला. सोबत एक तेलुगू कारकून. साहेब मोठा सज्जन, कोणावर आवाज चढवला नाही. त्याने पाटलांना हिंदीत विचारलं, "पटेल साब, आप के गांव में कौनसी ज़बान चलती?"

आता इथे आमच्या मुलखाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. हाकिमापुढे जायचं तर जोडे बाहेर काढायचे, हात बांधायचे आणि हाकीम ज्या भाषेत विचारेल त्याच भाषेत उत्तर द्यायचं. आपल्या भाषेत बोलणं म्हणजे एक तर अडाणीपणा, नाही तर मग्रुरी. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, बापाला तसं उभं राहिलेलं बघून बघून अंगात भिनलेलं. पाटलांनी हात बांधले, मान खाली घातली आणि म्हणाले, "हुज़ूर जो ज़बान बोलें, वहीच चलती हुज़ूर."

साहेबाने लिहून घेतलं. कारकुनाने बाजूला उभ्या असलेल्या गंगाराम माळ्याला तेलुगूत विचारलं, तुला तेलुगू येतं का? गंगाराम आठवड्याला आदिलाबादच्या बाजारात वांगी विकतो. एवढ्या लोकांत आपल्याला विचारलं म्हणून त्याची छाती फुगली. "वच्चु सार, वच्चु," तो म्हणाला, येतं की. त्याच्यामागच्या चौघांनाही मग येत होतं. न येणारा कोणी निघेना. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीही मान हलवली. दुकानदाराला चार भाषांतले भाव यावेच लागतात. मी काय वेगळं सांगणार होतो? पण सांगायला हवं होतं.

मास्तर आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. मधे बोलणं त्यांच्याही रीतीत बसत नव्हतं. काखेत लाल फडक्यातली वही आणि तिच्यासोबत हार्लबीचं पुस्तक, साहेबाला नमुना दाखवायला आणलेलं. साहेबाची नजर त्या पुस्तकावर गेली. त्याने हात पुढे केला, पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, आणि त्याचा चेहराच बदलला. तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला त्यातला एकच शब्द कळला, हार्लबी.

नंतर मास्तरांनी सांगितलं त्यावरून कळलं ते असं. साहेब शिकायला दोन वर्षं विलायतेत होता आणि एका सुट्टीत आठवडाभर हार्लबीला राहिला होता. आमच्या मास्तरांपुढे, त्या म्हाताऱ्या इंजिनिअरनंतर पहिल्यांदा, हार्लबी डोळ्यांनी पाहिलेला माणूस उभा होता. आणि तो इंजिनिअर तर आंधळाच भेटला होता त्यांना.

मी फक्त चेहरे बघत होतो. सासरी दिलेल्या मुलीला माहेरचं माणूस भेटावं तसे मास्तर एकामागून एक विचारत होते. साहेब हसून सांगत होता. एका जागी मास्तरांनी मान हलवली, पुस्तक उघडून बोट ठेवलं, साहेबाने कपाळाला हात लावून चूक कबूल केली. मनोऱ्याबद्दल काहीतरी होतं. एकदा मास्तरांचा चेहरा पडला. धक्का वादळात मधोमध तुटला होता आणि कोणी जोडला नव्हता, हॉटेलं ओस होती, सडकेवर म्हातारी माणसं तेवढी शाली गुंडाळून बसत, असं साहेबाने सांगितलं म्हणे. पण पुन्हा बोलणं सुरू झालं. चहा आला, गेला. लिंबाची सावली सरकली, खुर्ची सरकवली. कारकुनाने दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी साहेब उठला, त्याने मास्तरांचा हात हातात घेऊन हलवला, पुस्तक परत दिलं आणि जीप बेल्याच्या रस्त्याला लागली.

गावाने मास्तरांना घेरलं. तासभर इंग्रजीत साहेबाशी बोलले, म्हणजे काय झालं. पाटील म्हणाले, "सांगतलं ना मास्तर समदं? काय म्हणे साहेब? जाते ना गाव तिकडं?"

मास्तरांनी काखेत बघितलं. लाल फडकं तिथेच होतं. गाठही सुटलेली नव्हती.

ते गर्दीतून वाट काढत घराकडे निघाले. लोकांना वाटलं दमले असतील, घसा बसला असेल. पाटलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले, गोणीवर बसले आणि चष्मा न पुसता म्हणाले, "लक्ष्मण, म्या त्याईले गावाचं सांगतलंच नाई. एक शब्द नाई. मराठीचा एक शब्द तोंडातून निंगाला नाई माह्या."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "तीन महिने जातं ओढत होते तुमी. अन् ऐन वक्ताले त्या हार्लबीचं काय घेऊन बसले?" ते म्हणाले, "हो." एवढंच म्हणाले. माझा राग तिथेच संपला, पण शब्द तोंडातून गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते वही घेऊन आदिलाबादला चालत निघाले. साहेब हैदराबादला निघून गेला होता. कचेरीतल्या एका माणसाने वही ठेवून घेतली, पाठवून देऊ म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवली. मास्तरांना पोच मागायचं सुचलं नाही. मी नंतर बाजारहाटाच्या निमित्ताने दोन-तीनदा त्या कचेरीत गेलो. वही कोणाला आठवत नव्हती.

काही महिन्यांनी निकाल आला. शीव नदीतून गेली. नदीपलीकडे मराठी मुलूख, अलीकडे आम्ही. आता शहाणपणाने विचार करतो तेव्हा वाटतं, आमच्या चावडीवर कोण काय बोललं याने ती रेघ हललीच नसती. नकाशावर नदी ठळक दिसते, तीच धरली असेल. मी हे मास्तरांना शंभरदा सांगितलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "असंन. पण सांगाले तं पायजे होतं."

आणि गावाने काय करावं? गावाने त्यांचा सत्कार केला. पाटलांनी त्यांच्या खांद्यावर उपरणं घातलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की गाव गेलं ते गेलं, पण आमचे मास्तर साहेबाशी एकटे तासभर भांडले. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी. मास्तर मान खाली घालून बसले होते. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. कितीतरी वर्षं परगावचा कोणी दुकानात आला की लोक ती गोष्ट सांगत आणि मास्तर तिथे असले तर उठून जात. लोक म्हणत, विनय बघा केवढा.

त्यांनी हार्लबीचं नाव घेणं सोडलं. पोरांनी शेवटच्या तासाला हट्ट केला तर म्हणत, आता आठवत नाही. नदीवर फिरायला जाणं बंद झालं. पुस्तक वहिनींनी फडताळात वर ठेवून दिलं. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले काय झालं तुमाले मालूम हाय. मले सांगू नका, पण तुमी तं बोलत जा त्याईच्याशी." मी बोलत असे. हवापाण्याचं, कापसाचं.

वर्ग मिटायला मास्तर म्हणाले तेवढाही वेळ लागला नाही. कोणी बंद केला नाही. नोकऱ्या तेलुगूवाल्यांना, कागद तेलुगूत, मग पोरांना मराठीत घालून त्यांचं वाटोळं कोण करेल? पाटलांनी मराठी वर्गातून नातवाचं नाव काढलं तेव्हा ते स्वतः सांगायला आले, "मास्तर, पोराले नोकरी पायजे. माफ करा." मास्तर म्हणाले, "बरोबर करून राह्यले पाटील." मी माझा धाकटा काढला तेव्हा सांगायला गेलो नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. एका वर्षी बारा पोरं उरली, मग सात, मग चार.

त्या वहीत काय काय होतं ते मी आठवायचा प्रयत्न करतो. विहीर कोणी खोदली ते मला सांगता येत नाही. न्हाव्याची आजी गेली, तिच्या नातसुनेला दहा ओव्याही येत नाहीत. माझ्या आजोबांनी पहिली गोण कुठून आणली ते मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, पण मी तेव्हा गिऱ्हाईक करत होतो, अर्धंमुर्धं ऐकलं, ते लक्षात राहिलं नाही. आणि हार्लबीचा मनोरा कोणी बांधला, धक्क्यावर पहिल्या दिवशी कोण चाललं, राजघराण्यातली ती बाई कोणत्या घरात उतरली, हे मला येतं. याच्यावर हसावं की काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

वर्ग मिटला त्या दिवशी मी शाळेत होतो. जुनी बाकं मोजून घ्यायला साक्षीदार लागत होता, म्हणून मला बोलावलं होतं. नवे हेडमास्तर वरंगलकडचे, पंचविशीचे, फार गोड माणूस. मास्तरांना अदबीने 'मास्टरुगारु' म्हणत आणि ते बसल्याशिवाय स्वतः बसत नसत. मराठीची पुस्तकं, नकाशा, फळा, सगळ्याची यादी त्यांनी तेलुगूत केली होती आणि ती हिंदीत वाचून दाखवली. खाली लिहिलं होतं की वर्गाचा ताबा दिला. टाक पुढे करून ते म्हणाले, "सर, आप की मराठी में कीजिए साइन। मराठी में ही अच्छा लगता।"

मनापासून म्हणाले ते. मास्तर टाकाकडे बघत राहिले. बाळबोध, मोडी, उर्दू, इंग्रजी, चार लिप्यांत मोत्यासारखं अक्षर होतं त्या माणसाचं. मग त्यांनी टाक बाजूला सरकवला, टेबलावरची शाईची गादी ओढली, डावा अंगठा तिच्यावर दाबला आणि कागदावर उठवला.

हेडमास्तर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं असावं की या म्हाताऱ्याला लिहिता येत नाही आणि आपण भलतंच बोलून बसलो. त्यांनी हळूच त्या अंगठ्याशेजारी कंसात मास्तरांचं नाव लिहिलं, तेलुगूत. मास्तरांनी ते अक्षर कसं वळतं ते वाकून बघितलं, "छान हाय," म्हणाले, आणि भिंतीला अंगठा पुसून घरी गेले.